मान, उन्मान आणि व्यापाऱ्याचा शब्द

व्यापाराचा सारा डोलारा दोन गोष्टींवर उभा असतो. एक भाव आणि दुसरे माप. भावाची चर्चा पेढीवर रात्रंदिवस चालते. मापाचा विचार मात्र आपण क्वचितच करतो, कारण ते एकदाचे ठरलेले आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः मापे माणसांनीच ठरविली, माणसांनीच बदलली आणि पुष्कळ वेळा एकाच नावाखाली निरनिराळी मापे शेजारी शेजारी नांदत राहिली. रोजच्या वापरातील अशा काही मापांची कुळकथा आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती मनोरंजक आहेच. परंतु तिच्यातून एक व्यावहारिक धडाही मिळतो. मापाचे नाव एक आणि अर्थ दोन झाले, की त्यातील फरक कोणाच्या तरी पदरचा जातो. आणि तो बहुधा दोहोंपैकी दुबळ्याच्या पदरचा जातो.

मापांची विभागणी कशी करावी, ह्याचे एक फार जुने व व्यवस्थित उत्तर जैन आगमांतील अनुयोगद्वारसूत्रात मिळते. तेथे वस्तू मोजण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : मान, उन्मान, अवमान, गणिम आणि प्रतिमान. धान्य व रस भांड्याने मापणे ते मान. तराजूने तोलणे ते उन्मान. हाताने किंवा दंडाने लांबी मोजणे ते अवमान. नग मोजणे ते गणिम. आणि सोने, मोती, रत्ने ह्यांसारखे मौल्यवान पदार्थ सूक्ष्म वजनांनी तोलणे ते प्रतिमान. आजच्या बाजारातील कोणतीही वस्तू घ्या, ती ह्या पाच घरांपैकी एखाद्या घरात बसते. आम्हीही हाच क्रम येथे धरला आहे.

मान : भांड्याचे माप

धान्याच्या मापाचे मूळ माणसाच्या ओंजळीत आणि मुठीत आहे. अनुयोगद्वारातील धान्यमानाची मालिकाही मुठीपासून निघून कुडव, प्रस्थ, आढक, द्रोण अशी वाढत जाते. त्यातील कुडव हे नाव गोव्यात व कोकणात भाताच्या मापासाठी टिकून राहिले. मराठी मुलुखात चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही मालिका घरोघर पाठ असे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. येथपर्यंत हिशेब सरळ आहे. परंतु पायल्यांचा मण करावयाचा झाला, की कोठे बारा पायल्यांचा मण, तर कोठे सोळा पायल्यांचा. मण म्हणावयाचा, परंतु कोणता, हे गावाला विचारावे लागे.

भांड्याच्या मापातील खरी गोम मात्र त्याच्या काठावर असते. माप काठाशी घासून सपाट भरावयाचे की शिगेचे भरावयाचे? शीग म्हणजे काठावर राहणारा धान्याचा शंकू. त्याचा आकार भांड्याच्या क्षमतेवर अवलंबून नसून तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असतो, हे फारसे लक्षात येत नाही. उदाहरणार्थ, प्रत्येकी एक लिटर धान्य सपाट मावेल अशी दोन भांडी घेऊ. पहिल्याचे तोंड १० सेंटीमीटर रुंद व उंची सुमारे १२.७ सेंटीमीटर, दुसऱ्याचे तोंड १४ सेंटीमीटर रुंद व उंची सुमारे ६.५ सेंटीमीटर. धान्याच्या ढिगाचा उतार ३५ अंश धरला, तर पहिल्यावर सुमारे ९० मिलिलिटर शीग राहील, म्हणजे शेकडा ९. दुसऱ्यावर मात्र सुमारे २५० मिलिलिटर राहील, म्हणजे शेकडा २५. भांडी दोन्ही खरी, सपाट माप दोहोंचे एकच. परंतु शिगेच्या व्यवहारात बसक्या भांड्याचा धनी मापामागे पावभर अधिक नेतो.

हे गणित कागदावर राहत नसे. आमच्या भोवतालच्या डोंगरपट्टीत पावसाळ्यात खावटीचे धान्य उसने घ्यावे आणि हंगामात ते दिढीने परत करावे, अशी रीत होती. समजा, घेताना माप सपाट भरले आणि फेडताना त्याच बसक्या भांड्याने शिगेचे भरले. कागदोपत्री दिढी झाली ती प्रत्यक्षात पावणेदोन पटींच्याही वर गेली. लिहिलेला शब्द ‘दिढी’, भांडे तेच, कोठे खोडाखोड नाही. तरीही कुटुंबाच्या कणगीतून अनेक दिवसांचे धान्य गेले.

उन्मान : तराजूचे माप

तराजूने तोलले म्हणजे शिगेचा प्रश्न मिटतो. परंतु पारड्यात जे वजन टाकावयाचे त्याचे नाव आणि त्याचा भार ह्यांचे भांडण उरतेच. मण हा शब्द अरबी ‘मन्न’ शी संबंधित असून त्याचे नाते प्राचीन बाबिलोनच्या ‘मीना’ ह्या वजनापर्यंत जाते. इतक्या लांबचा प्रवास केलेल्या शब्दाने वाटेत अनेक रूपे घ्यावीत, ह्यात नवल नाही. जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा. सुरतेचा मण ३७⅓ पौंडांचा, म्हणजे सुमारे १६.९ किलोचा. सरकारी बाजार-मण ८० तोळ्यांच्या ४० शेरांचा, म्हणजे सुमारे ३७.३ किलोचा. आणि आज गुजरातच्या बाजार समित्यांत भुईमुगाचा किंवा कापसाचा भाव मणावर सांगतात, तो मण २० किलोचा. सिल्वासा मुंबई आणि सुरत ह्यांच्या दरम्यान वसलेले. येथील व्यापाऱ्याला एका दिशेने येणारा मण आणि दुसऱ्या दिशेने येणारा मण ह्यांत पुष्कळ अंतर दिसावे, हे ओघानेच आले.

खंडीची कथा त्याहून मौजेची. वीस मणांची एक खंडी, हा सामान्य हिशेब. त्याप्रमाणे मुंबईची खंडी ५६० पौंडांची. परंतु मुंबईच्या कापूस बाजारात खंडी ७८४ पौंडांची धरली गेली. हा आकडा वरवर विचित्र दिसतो; तथापि ११२ पौंडांचे एक इंग्रजी हंड्रेडवेट, अशी सात हंड्रेडवेट मोजली की तो बरोबर येतो; आणि सुरतेचे २१ मण मोजले तरीही नेमका तोच येतो. दोन देशांच्या व्यापाऱ्यांना आपापल्या वजनांत विनाअपूर्णांक मोजता येईल, असा हा आकडा आहे. पौंड आणि हंड्रेडवेट आपल्या व्यवहारातून गेले. खंडी मात्र गेली नाही. आजही देशातील रुईचे भाव ३५५.६२ किलोच्या खंडीवर सांगितले जातात, आणि ती ह्याच ७८४ पौंडांची खंडी होय.

ह्या भूमीवर आणखी एका देशाच्या वजनांची छाया होती. नगर हवेली १७८३ मध्ये आणि दादरा १७८५ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्यांच्या जुन्या पद्धतीत अर्रातेल, अर्रोबा आणि क्विंतल ही वजने होती. अर्रोबा म्हणजे अरबीत ‘चतुर्थांश’. चार अर्रोबांचा एक क्विंतल. क्विंतल शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘शंभर’ आहे. परंतु पोर्तुगीज क्विंतलात अर्रातेल भरत १२८. इंग्रजांच्या हंड्रेडवेटचा अर्थही ‘शंभरभार’, आणि त्यात पौंड ११२. आजचा क्विंटल मात्र नावाप्रमाणे खरा शंभर किलोंचा आहे. पोर्तुगालने १८५२ मध्येच मेट्रिक पद्धतीचा स्वीकार केला. सरहद्दीपलीकडे वापीच्या बाजूस शेर आणि मण त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ चालू होते.

वजनाच्या एका नावामागे मजुरीचा लढाही दडलेला असतो. आमच्या सीमेलगतच्या तलासरी, उंबरगाव व डहाणू भागात १९४५ मध्ये वारली श्रमिकांनी जो संघर्ष केला, त्यातील एक मागणी ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी, अशी होती. गवत कापणाऱ्याच्या झोपडीत पौंडाचे वजन नव्हते. ते बाजारपेठेचे माप होते. म्हणूनच ती मागणी केवळ रुपयांची नव्हती. किती गवतास किती मजुरी, हे दोन्ही आकडे आधी बोलून ठरावेत, एवढे तरी तिच्यात होतेच.

अवमान : हाताचे माप

लांबीच्या मापात माणसाने आपले शरीरच मोजपट्टी म्हणून वापरले. अंगुळ, वीत, हात ही नावेच ते सांगतात. प्रश्न एवढाच, की हात कोणाचा? मराठ्यांच्या जमीनमोजणीत पाच हात व पाच मुठी लांबीची काठी ठरविली होती. वीस चौरस काठ्यांचा पांड आणि वीस पांडांचा बिघा. एकदा काठी तयार झाली, की मोजणाऱ्याचा हात लांब की आखूड हा वाद संपला. मापाच्या इतिहासातील मोठी पायरी हीच : शरीर बाजूला ठेवून सर्वांना दिसेल अशी वस्तू पुढे आणणे.

कापडाच्या गजाचेही असेच. मुंबईचा जुना गज २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा होता. इंग्रजी वार ३६ इंचांचा. आज हिंदी बोलणारा ग्राहक गज म्हणतो तेव्हा त्याच्या मनात ३६ इंच असतात. शब्द तोच, लांबी सव्वापटीहून अधिक.

जमिनीचा गुंठा आपणा सर्वांच्या तोंडी आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. हा ३३ आकडा आला कोठून? एडमंड गंटर ह्या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ६६ फुटांची, शंभर कड्यांची मोजणी-साखळी योजिली. दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. तीच साखळी निम्मी केली की ३३ फूट. आणि अशा चाळीस चौरसांचा एक एकर. म्हणजे अस्सल देशी वाटणाऱ्या गुंठ्याच्या कोपऱ्यात इंग्रजी साखळी पडलेली आहे. महाराष्ट्राच्या सातबारावर आज हेक्टर आणि आर लिहितात. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा. दोहोंना एकच समजण्याची सवय पडली आहे. परंतु एकरामागे त्यात ४७ चौरस मीटरांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक येतो. आजच्या जमिनीच्या भावात तो क्षुल्लक म्हणता येणार नाही.

गणिम : नगांचे माप

मोजण्याइतके सोपे काही नाही, असे वाटते. तरीही प्रत्येक पेठेने मोजण्याचे आपले गठ्ठे केले. डझन हा शब्द लॅटिनमधील ‘बारा’ ह्या शब्दावरून आला. अंगठ्याने उरलेल्या चार बोटांची पेरे मोजली, तर एका हातावर बारा होतात. आणि बाराचे दोन, तीन, चार व सहा समान भाग पडतात. दहाला ही सोय नाही. कोडी म्हणजे वीस. पश्चिम किनाऱ्यावर कापडाचे ठाण ह्याच विसाच्या हिशेबाने विकले जात, आणि पोर्तुगीजांनी तो शब्द ‘कोर्जा’ म्हणून उचलला. कागदाचा दस्ता २४ तावांचा आणि वीस दस्त्यांचे रीम, म्हणून जुने रीम ४८० तावांचे. आजचे ५०० तावांचे. मापे मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची आपली जुनी चाल आहे. तो लाभ दोघांचाही असावा, असा तिचा अर्थ आम्ही घेतो.

प्रतिमान : सोन्याचे माप

सोन्यारत्नांसाठी माणसाने बियांचा आधार घेतला. आपल्याकडे लाल-काळी गुंज. पश्चिमेकडे कॅरोब झाडाचे बी, ज्यावरून कॅरट हा शब्द आला. बियांचे वजन सारखे असते हा समज मात्र पूर्णतः खरा नाही. एका झाडाच्या बियाही कमीजास्त भरतात. म्हणूनच १९०७ मध्ये कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, असे ठरविण्यात आले. आपल्याकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा मासांचा तोळा. गुजरातेत तीन रतींचा वाल आणि बत्तीस वालांचा तोळा. वाटा निराळ्या, परंतु दोन्हीकडे हिशेब ९६ बियांवरच येतो.

इंग्रजी अमलात १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि रुपयाचे नाणे तेवढ्याच भाराचे पाडले गेले. म्हणून रुपया हा जसा पैसा, तसेच वजनही होता. नव्या रुपयांची चवड पारड्यात टाकून तोलता येई. त्या तोळ्याचे आजचे वजन ११.६६ ग्रॅम. परंतु आता सराफी पेठेत आणि घरातही तोळा म्हणजे १० ग्रॅम असेच बोलले जाते. आजीच्या काळच्या चिठ्ठीवर ‘पाच तोळे’ लिहिलेले असेल, तर ते ५८.३ ग्रॅम होत. आज पाच तोळे म्हणून वाटणी केली, तर ५० ग्रॅम. मधले ८.३ ग्रॅम सोने कोणी चोरलेले नाही. ते एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये हरवले.

डेनियर : आपल्या गावचे माप

१९६५ मध्ये येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे सिल्वासा, मसाट, खडोली येथे कारखाने वाढले आणि पॉलिस्टर टेक्श्चराइज्ड धाग्याचे हे मोठे केंद्र बनले. म्हणून आज सिल्वाशाचे खरे रोजचे माप कोणते म्हणाल, तर ते डेनियर. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. रेशमाच्या व्यापारात ४५० मीटर धागा आणि ०.०५ ग्रॅमचे वजन घेत. त्याचाच हा विस्तार. शब्द मात्र नाण्याचा आहे. रोमन ‘देनारियुस’ ह्यापासून फ्रेंच ‘दनिये’ झाले आणि अरबी ‘दीनार’ही झाला. जसा आपला रुपया तोळा झाला, तसे तेथील नाणे रेशमाचे वजन झाले. आपला ‘दाम’ हा शब्दही ग्रीक ‘द्राख्मा’ नाण्याच्या कुळातला आहे.

डेनियर वाढला की धागा जाड होतो. सुती धाग्याच्या इंग्रजी काउंटमध्ये नेमके उलट. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील तितका काउंट. म्हणून काउंट वाढला की धागा बारीक. चाळीस काउंटचा सुती धागा सुमारे १३३ डेनियरचा होतो. दोन्ही मापे एकाच पेठेत बोलली जातात आणि नवशिक्या गुमास्त्याची त्रेधा उडते.

आता शिगेचे गणित आठवा. १५० डेनियरचा एक किलो धागा ६० किलोमीटर भरतो. तोच धागा प्रत्यक्षात १५६ डेनियरचा निघाला, तर किलोत सुमारे ५७.७ किलोमीटरच येईल. काटा खरा, वजन पुरे, बिल बिनचूक. तरीही विणकराचे किलोमागे २.३ किलोमीटर सूत कमी. ओलाव्याचेही तसेच. सुती धाग्यास व्यापारात शेकडा ८.५ ओलावा मान्य आहे, पॉलिस्टरला अवघा ०.४. त्याहून अधिक दमट सूत तोलले, तर ग्राहक सुताच्या भावाने पाणी विकत घेतो.

कायदा आणि व्रत

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले. १९५६ मध्ये भारताने मेट्रिक मापांचा कायदा केला, १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोची वजने दुकानांत शिरली. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विधिवत सामील झाला, तेव्हा देशात शेर मावळत होता आणि किलो उगवत होता. किलो म्हणजे ठोकळमानाने ८६ तोळे, असे लोक एकमेकांना समजावीत होते. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा लागू आहे. भाव सांगणे, दरपत्रक काढणे, बिल करणे हे सारे प्रमाणित एककांतच झाले पाहिजे, असे त्याचे बंधन आहे. किलोग्रॅमची व्याख्यादेखील २० मे २०१९ पासून पॅरिसजवळ जपलेल्या धातूच्या नळकांड्यावर अवलंबून राहिलेली नाही. ती निसर्गातील एका स्थिरांकावर बांधली गेली. जे माप एका राजाच्या किंवा पेढीच्या हातात नाही, ते सर्वांचे.

परंतु कायद्याचा शिक्का वजनावर पडतो. शब्दावर पडत नाही. तोळा, मण, गुंठा, डेनियर हे शब्द तोंडी व्यवहारात राहणारच. येथे आपल्या परंपरेतील एक सूक्ष्म विचार उपयोगी पडतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, असा त्याचा अर्थ. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ह्याची गणना तेथे केवळ व्यापारी नियमभंगात नाही, तर चोरीच्या व्रताच्या दोषांत आहे. कोणाच्या घरी शिरून काही नेले नाही, तरीही माप दुटप्पी असेल तर अचौर्य मलिन होते. ‘मापात पाप’ ही आपली बोलीतील म्हण ह्याच अर्थाची आहे.

ह्या विवेचनातून काही साध्या सूचना निघतात. तोळ्याचा सौदा असेल, तर चिठ्ठीवर ग्रॅमही लिहावेत. गुंठा म्हटले, तर शेजारी चौरस मीटर नोंदवावेत. मणाचा भाव सांगताना किती किलोंचा मण, हे आधी बोलावे. धाग्याच्या बिलावर डेनियर किती कमीजास्त चालेल आणि ओलावा किती धरला आहे, ह्याची ओळ असावी. आणि समोरचा माणूस अक्षरशत्रू असेल, आठवडे बाजारात चार शेर उडीद घेऊन आलेला असेल, तर त्याला काट्याचा आकडा वाचून दाखवावा व त्याच्याच भाषेत त्याचा अर्थ सांगावा. ह्याला खर्च काही येत नाही. वेळ मात्र थोडा जातो. तेवढा वेळ देणाऱ्या दुकानाकडे तो माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा वळेल, आणि येताना शेजाऱ्यालाही सोबत आणील.